समभाग की समता? अमळनेरच्या पैशाची गोष्ट

हेडफोन लावा, आज आपण जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला चाललोय.

एखाद्या फाउंडेशनने अनुदान दिलं की बातमीत आकडा येतो, फोटो येतो. पण त्या पैशाने नेमकं कुणाचं काय बदलतं? अमळनेरने तीन प्रकारचा पैसा पाहिलाय.

पहिला, दानाचा. श्रीमंत प्रताप शेठ यांनी इथं कापड गिरणी काढली, शिक्षणाला सढळ हाताने दिलं आणि 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथं शिकायला साने गुरुजी आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे हेच गुरुजी गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. शेठजींनी शाळेला पैसा दिला. शाळेतला मास्तर पुढे कुणासाठी भांडेल, हे त्यांनी थोडंच ठरवलं होतं!

दुसरा पैसा शेअर्सचा. डिसेंबर 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. वडील 1966 मध्ये गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परतले. तीच कंपनी म्हणजे आजची विप्रो. सामान्य अमळनेरकरांनीही तिचे शेअर्स घेतले. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्या घरी लक्ष्मी नांदली.

आता माझ्या घरचं सांगतो. त्याच काळात माझे आजोबा बाजारात हमाली करायचे. शेंगांची पोती उचलली, पण शेअर घेण्याइतके पैसे कधी गाठीला लागले नाहीत. शेअरला मराठीत 'समभाग' म्हणतात. शब्दात 'सम' आहे खरा, पण भाग मिळतो तो ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच.

तिसरा पैसा फाउंडेशनचा. 2019 पर्यंत प्रेमजींनी विप्रोतल्या 67 टक्के मालकीचा आर्थिक लाभ समाजकार्यासाठी दिला होता. हा वाटा धरून त्यांनी दिलेल्या एकूण दाननिधीचं मूल्य तेव्हा 1,45,000 कोटी रुपये होतं. अझीम प्रेमजी फाउंडेशनचा भर सरकारी शाळांच्या शिक्षकांसोबत काम करण्यावर आहे. शिवाय वंचितांमध्ये काम करणाऱ्या संस्थांना ते अनुदान देतं. कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगड इथं हे काम चालतं. याचा फायदा काय? एका हुशार पोराला शिष्यवृत्ती दिली तर एक पोरगं पुढे जातं. सरकारी शाळाच सुधारली, तर हमालाचं पोरगंही जातं. व्यवस्था बदलणं म्हणतात ते हेच.

पण एक प्रश्न उरतोच: वाटप ठरवणार कोण? त्यासाठी शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी जाऊ. तिथली फड पद्धत शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, पाटाचं पाणी आणि शेतीचे फड. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा, हे शेतकरीच मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरीही तेच नेमायचे. अर्थात, ज्याला जमीन नाही त्याला तिथंही वाटा नव्हता. आजोबा तिथं असते तरी बांधावरच उभे राहिले असते.

म्हणून तुमच्या गावात कुठलं अनुदान आलं, तर किती आलं एवढंच विचारू नका. ठरवायला कोण बसलंय आणि बांधावर कोण उभं आहे, तेही बघा.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!