मण्याचें वेज व माळेचा पुरावा

माळांचीं नांवें संस्कृत ग्रंथांत मुबलक सांपडतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत १००८ सरांचा इंद्रच्छंद, ५०४ सरांचा विजयच्छंद व १०० सरांचा देवच्छंद सांगितला आहे. बृहत्संहितेंत पहिले दोन आंकडे तेच; देवच्छंद मात्र ८१ सरांचा. नक्षत्रमाला कौटिल्याचे मतें २७ सरांची, तर अमरकोशांत २७ मोत्यांची. असे पाठभेद जुळविण्यांत आमचें बरेंच आयुष्य गेलें. परंतु या साऱ्या याद्या मोत्यांच्या. शंखाच्या व अकिकाच्या माळांचा इतिहास त्यांवरून उलगडत नाहीं. तेथें मणीच वाचावा लागतो, आणि तोही त्याच्या वेजांतून.

खंबायतेच्या कारागिरांची परंपरागत रीत अशी. रतनपूरकडील दगड उन्हांत वाळवून, मडक्यांत घालून शेणीच्या आंचेवर भाजतात. दगडांतील लोहामुळें त्यास तांबडा रंग चढतो. नंतर जमिनींत रोंवलेल्या लोखंडी सळईच्या टोंकावर तो टेकवून शिंगाच्या हातोडीनें कपचे उडवितात. शेवटीं हिऱ्याच्या कणांचें टोंक बसविलेल्या कमानीच्या सामत्यानें दोहों बाजूंनीं भोंक पाडून मध्यावर मिळवितात. अशा वेजांत बारीक, सारख्या रेघा उमटतात. सिंधुसंस्कृतीची रीत निराळी होती. चान्हूदडो येथें १९३५-३६ मध्यें मॅके यांस अकिकाचे लांब व अर्धवट मणी आणि दगडी सामत्यांचीं टोंकें मिळालीं. या टोंकांच्या दगडास पुढें मॅके यांच्या नांवावरून 'अर्नेस्टाइट' म्हणूं लागले. त्यानें पाडलेल्या वेजाची आंतली भिंत गुळगुळीत असते. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे दोन मणी आंतून हजार वर्षांचें अंतर सांगूं शकतात.

आपल्या प्रांताचा संबंधही जुना आहे. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड गाड्यांतून भडोचेस जात असल्याची नोंद आहे. शंख तर समुद्राचा. पठारावरील पांढरींत त्याचा मणी निघाला, कीं किनाऱ्याशीं दळणवळण सिद्ध झालें.

दुर्दैव असें कीं, पावसाळ्यानंतर पैठण-तेरच्या टेकाडांवर उघडे पडणारे मणी वेंचून, धुवून, चकचकीत करून नव्या रेशमांत ओंवण्याची हौस संग्राहकांत फार. माळ देखणी होते. पण ती पूर्वीं कोणीही घातलेली नसते. नेवासें येथें १९५४-५६ च्या उत्खननांत एका लहान मुलाच्या दफनांत गळ्याशीं तांब्याचे मणी मिळाले. त्यांतील दोऱ्याचे अवशेष टिकले होते, व परीक्षणांत रेशीम आणि कापूस दोन्ही आढळले. ते मणी कोणी आधींच घांसून पुसले असते, तर हा पुरावा कायमचा गेला असता.

पोथीची पुष्पिका कापून पानें दुसऱ्या पोथींत मिसळणारा संग्राहक आपल्या मंडळींत बसूं शकणार नाहीं. मण्यांसही तोच न्याय लावावा. ज्यांच्याजवळ असे मणी असतील त्यांनीं ते ओंवूं नयेत. प्रत्येक मणी निराळ्या पुडींत ठेवून तीवर गांव, शेत व तारीख लिहावी, आणि वेजांतील माती तशीच राहूं द्यावी.