कोंकणांतील बेने इस्राएल व त्यांचा आहारधर्म

श्रोते हो, एखाद्या समाजाचा इतिहास शोधावयाचा म्हणजे आपण प्रथम शिलालेख पाहतों, ताम्रपट वाचतों, बखरी चाळतों. परंतु ज्या समाजाजवळ यांपैकीं कांहींच उरलें नाहीं, त्याचा इतिहास कोठें शोधावा? पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोकांपुरतें या प्रश्नाचें उत्तर असें आहे कीं, तो त्यांच्या स्वयंपाकघरांत शोधावा.

या लोकांची परंपरा सांगते कीं, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. पुढें वंशजांनीं तेलाचा घाणा चालविला, मराठी भाषा आपली केली आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशीं गांवांवरून आडनांवें घेतलीं. शनिवारीं त्यांचा घाणा बंद राही, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषेचा विसर पडला. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली.

आहाराचे नियम मात्र राहिले. यहुदी लोक धर्मविहित अन्नास ‘कोशेर’ म्हणजे योग्य असें म्हणतात, आणि त्याचे मूळ नियम लेवीय व अनुवाद या ग्रंथांत आहेत. ज्या पशूचा खूर दुभंगलेला आहे आणि जो रवंथही करतो, तोच भक्ष्य. शेळी-मेंढी चालते, डुकराचा खूर दुभंगलेला असला तरी तें रवंथ करीत नाहीं, म्हणून तें वर्ज्य. माशाला पर व खवले हीं दोन्ही हवींत. सुरमई व बांगडा चालतात, पण कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी हीं ताटांत येत नाहींत. रक्त सर्वथा निषिद्ध. म्हणून मांस पाण्यांत भिजवून, मीठ लावून, पुन्हां धुतल्याखेरीज शिजवीत नाहींत. करडूं त्याच्या आईच्या दुधांत शिजविण्याची मनाई तर शास्त्रांत तीन वेळां आली आहे. तिच्यावरूनच मांस व दूध एका जेवणांत न आणण्याचा परिपाठ पडला. येथें कोंकणचा नारळ फार उपयोगी पडला. मांसाच्या रश्शाला नारळाचें दूध घातलें म्हणजे जिभेचें समाधान होतें आणि धर्मही राहतो. नव्या वर्षाच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धां नारळाच्या दुधांतच होतो.

आतां माशांची सुप्रसिद्ध कथा. दाविद रहाबी नांवाचा एक यहुदी कोंकणांत आला. हे लोक आपलेच असावेत असा त्यास संशय आला. त्यानें त्यांच्या स्त्रियांपुढें निरनिराळे मासे ठेवून ते रांधावयास सांगितले. स्त्रियांनीं पर-खवल्यांचे मासे घेतले व बाकीचे बाजूस सारले. त्याची खात्री पटली. मग त्यानें तीन तरुणांस धर्मशिक्षण दिलें. कोणी हा रहाबी सुमारें हजार वर्षांपूर्वींचा मानतात, तर कोणी त्यास अठराव्या शतकांतील कोचीनच्या रहाबी घराण्यांतला ठरवितात. काळाचा निर्णय कांहींही होवो. ही परीक्षा पुरुषांची व पाठांतराची नव्हती, ती बायकांची व विळीची होती, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. ग्रंथ नसतां आईनें मुलीस जें शिकविलें, तेंच प्रमाण ठरलें.

सणांचीं जुनीं मराठी नांवेंही अशींच बोलकीं आहेत. हाईम सामुएल किहीमकर यांनीं आपल्या समाजाच्या इतिहासांत तीं नोंदून ठेविलीं आहेत. तो ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा उपवास, ज्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें, तो ‘दारफाळणीचा सण’. यरुशलेमच्या देवालयाच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’. वालाच्या बिरड्यावरून हें नांव पडलें. वल्हांडणांत आंबविलेलें अन्न निषिद्ध. तेव्हां आंबट रसाचें भांडें झांकून ठेवीत, म्हणून तो ‘अनाशी ढांकाचा सण’. निषेध यहुदी, भांडें कोंकणी! १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या वल्हांडणाच्या पोथींत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचें चित्र आहे. त्यांच्या अंगावर लुगडीं आहेत.

मद्याच्या जागीं काळ्या मनुकांचें सरबत आशीर्वादास चालतें. नवस फेडावयाचा असो कीं मंगलकार्य असो, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नांवें ‘मलिदा’ करतात: गोड पोहे, ओलें खोबरें व फळें. अलिबागनजीक खंडाळा येथें त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या अशी श्रद्धा आहे. गोमांस शास्त्रानें चालत असतांही हे लोक शेजाऱ्यांच्या भावनेस मान देऊन तें टाळीत आले. शास्त्र पाळावें आणि शेजारही पाळावा, ही त्यांची रीत.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएल देशास गेले. तेथें १९६० च्या सुमारास त्यांच्या विवाहांविषयीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढली: हे खरे यहुदी कशावरून? वंशाचे पुरावे मागितले गेले. समाजानें निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं ते सर्व दृष्टींनीं पूर्ण यहुदी असल्याचें मान्य झालें. रहाबीनें पुरावा पाटावर पाहिला. या मंडळींनीं तो कागदांत शोधला. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, तेव्हां येथें त्यांचीं थोडींच घरें उरलीं होतीं.

श्रोते हो, राज्यें तरवारीनें टिकतात असें आपण मुलांस शिकवितों. समाज कशानें टिकतो, हें शिकवावयाचें झाल्यास या तेल्यांचें उदाहरण द्यावें. ज्यांच्यापाशीं राजा नव्हता, ग्रंथ नव्हता, आणि १७९६ सालीं मुंबईस सामुएल दिवेकर यांनीं बांधीपर्यंत स्वतःचें प्रार्थनामंदिरही नव्हतें, त्यांनीं आपला धर्म चुलीपाशीं जपला. आणि तो जपणाऱ्या स्त्रियांपैकीं एकीचेंही नांव इतिहासानें लिहून ठेविलें नाहीं.