अठ्ठावीस पौंडांचा हिशेब

धर्मोपदेशक पैशाविषयी बोलू लागला की तो पैशाला नावे ठेवणार, अशी आपली अपेक्षा असते. अठराव्या शतकातील इंग्लंडचे जॉन वेस्ली (१७०३-१७९१) याला अपवाद होते. मेथडिस्ट पंथाचे हे प्रवर्तक. पैसा वाईट नसतो, वाईट असतो तो त्याचा वापर, असे ते सांगत. पैशाच्या उपयोगावरील त्यांचे प्रवचन १७६० मध्ये छापले गेले. त्यात तीन नियम आहेत : जमेल तितके मिळवावे, जमेल तितके वाचवावे आणि जमेल तितके द्यावे. मात्र मिळवताना स्वतःची प्रकृती बिघडू नये, शेजाऱ्याचे नुकसान होऊ नये. म्हणूनच दारू विकून गबर झालेल्यांवर त्यांनी सडकून टीका केली.

ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब त्यांनी एके ठिकाणी दिला आहे. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड. २८ खर्चाला, २ दानाला. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० झाली, खर्च २८ च राहिला आणि ३२ पौंड गरिबांकडे गेले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२, चौथ्या वर्षी १२० पैकी ९२. मिळकत चौपट झाली, गरजा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या! १७७६ मध्ये सरकारने घरातल्या चांदीच्या भांड्यांची माहिती मागवली, तेव्हा वेस्लींनी कळवले, की आपल्याकडे चांदीचे चारच चमचे आहेत, दोन लंडनला आणि दोन ब्रिस्टलला.

पण नुसत्या दानाने माणूस उभा राहत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. हातात कसब आहे, पण कच्चा माल घ्यायला पैसे नाहीत, अशी कितीतरी माणसे लंडनमध्ये होती. सावकाराकडे गहाण ठेवायलाही त्यांच्यापाशी काही नसे. वेस्लींनी शहरभर फिरून वर्गणी जमवली आणि १७४६ च्या सुमारास एक कर्जनिधी सुरू केला. एका वेळी जास्तीत जास्त २० शिलिंग, म्हणजे एक पौंड मिळे. तीन महिन्यांत त्याची फेड करायची. परत आलेला पौंड पुढच्या गरजूच्या हाती जाई. त्यामुळे एवढ्याशा भांडवलावर वर्ष-दीड वर्षात अडीचशे लोकांना मदत झाली. आजच्या बचत गटांची आठवण व्हावी, असाच हा व्यवहार.

पुढे कर्जाची मर्यादा वाढली. जेम्स लॅकिंग्टन या गरीब चांभाराने नुकतेच जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले होते. त्याने या निधीतून पाच पौंड घेतले. तोच पुढे लंडनमधला मोठा पुस्तकविक्रेता झाला. गंमत म्हणजे १७९१ च्या आत्मचरित्रात त्याने मेथडिस्टांचीच टर उडवली. नंतर पश्चात्ताप होऊन त्यांच्यासाठी प्रार्थनामंदिरे बांधली.

१७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, घोटाभर वितळलेल्या बर्फातून चालत वेस्लींनी गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड जमवले. तरीही अखेरच्या वर्षांत एक खंत त्यांना छळत राहिली. त्यांचे अनुयायी कष्टाळू आणि काटकसरी होते, म्हणून ते श्रीमंत झाले. पहिले दोन नियम त्यांनी मनापासून पाळले. तिसऱ्यापाशी हात आखडला. देण्याची जोड नसेल, तर काटकसरीतून नुसता साठा वाढतो, असा इशारा वेस्ली शेवटपर्यंत देत राहिले.

मिळकत वाढली की खर्चही वाढणारच, असे आपण गृहीत धरतो. अठ्ठावीस पौंडांचा तो हिशेब नेमके हेच गृहीत तपासायला लावतो.