क्षेत्र-माहिती (पीएचपी व मायएसक्यूएल)

पीएचपीतून मायएसक्यूएलवर चालवलेल्या क्वेरीच्या निकालात ओळींबरोबर प्रत्येक स्तंभाचे वर्णनही येते, तीच क्षेत्र-माहिती. मायएसक्यूएलआय विस्तारातील ‘फेच_फील्ड’ हे फंक्शन दर वेळी पुढच्या स्तंभाचे ऑब्जेक्ट देते आणि स्तंभ संपले की ‘फॉल्स’ परत करते. क्वेरीत ‘नाव’ स्तंभाला ‘ग्राहक’ असे टोपणनाव दिले असेल, तर ऑब्जेक्टच्या ‘नेम’मध्ये ‘ग्राहक’ आणि ‘ऑर्गनेम’मध्ये ‘नाव’ मिळते. प्रकार मात्र शब्दात नव्हे, आकड्यात येतो : ३ म्हणजे पूर्णांक, २५३ म्हणजे व्हारकॅर. लांबी बाइटमध्ये मोजलेली असते आणि नवखा इथेच फसतो. कनेक्शन यूटीएफ८एमबी४ असेल, तर ५० अक्षरांचा स्तंभ २०० दाखवतो. जुने ‘मायएसक्यूएल_फेच_फील्ड’ २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आले.