दास्यमुक्तीनंतरचे दास्य : अमेरिकेची दक्षिण आणि तानसेचे खोरे

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा विस्तार झाला, तेव्हा जमिनीबरोबर गुलामगिरीही पश्चिमेकडे सरकत गेली. १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश विकत घेतल्यावर आणि १८४८ साली मेक्सिकोकडून विस्तीर्ण भूभाग मिळाल्यावर, नव्या राज्यांत गुलाम बाळगता येतील की नाही हा वाद पुन्हा पुन्हा पेटला, आणि उत्तर व दक्षिण यांमधील हे वितुष्ट अखेर १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धापर्यंत गेले. युद्धाअखेर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बेकायदा ठरली. या सगळ्या घडामोडीत सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली. या मुक्तिकार्याचा आदर म्हणून जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि तसाच प्रयत्न येथील शूद्रातिशूद्रांसाठी व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली.

हिंदुस्थानात तोवर गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नव्हता. १८४३ च्या पाचव्या कायद्यान्वये न्यायालयांनी माणसावरील मालकीहक्क मानणे थांबवले होते आणि पुढे भारतीय दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. परंतु तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी व वज्रेश्वरी ज्या तानसा नदीकाठी वसल्या आहेत त्या भागात आणि तेथून उत्तरेस डहाणू-तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात, आदिवासींच्या श्रमावरील हक्क मालकीच्या नावाने नव्हे, तर कर्जाच्या नावाने चालू राहिला.

या पद्धतीचे सर्वांत कठोर रूप म्हणजे ‘लग्नगडी’. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून पैसे घेणारा वारली किंवा कातकरी तरुण ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबण्याचे कबूल करी, आणि बहुधा त्याची बायकोही त्याच घरी कामाला लागे. मजुरी मिळे ती पोटापुरत्या धान्याच्या रूपात, त्यामुळे मुद्दल फेडायला हाती काहीच उरत नसे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ‘खावटी’, म्हणजे उपासमार टाळण्यासाठी घेतलेले धान्याचे कर्ज, त्याच खात्यावर चढे. हिशेबाची वही सावकाराकडे आणि अंगठा गड्याचा, अशा व्यवहारात कर्ज फिटले की नाही हे ठरवणाराही सावकारच असे. याखेरीज जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस विनामोबदला राबण्याची वेठ होतीच. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३८ च्या सुमारास आदिवासींच्या स्थितीविषयी दिलेल्या अहवालात हे दास्य नोंदवले आहे.

मुक्तीनंतरच्या अमेरिकेच्या दक्षिणेतही असेच घडले. १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मन याने मुक्त कुटुंबांना किनारपट्टीवर प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता, पण राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करण्याचे धोरण स्वीकारले. भूमिहीन राहिलेले असंख्य मुक्त गुलाम मग बटाईने कापूस पिकवू लागले आणि बी-बियाणे व धान्य उधार देणाऱ्या दुकानदाराच्या वहीत अडकले. कर्जापोटी माणूस राबवण्यास बंदी घालणारा कायदा १८६७ मध्येच झाला होता, तरी ही प्रथा विसाव्या शतकातही टिकली. उभय ठिकाणी जमीन मालकाकडेच राहिली आणि कर्जाने मालकी हक्काची जागा घेतली, यात या साम्याचे मूळ आहे.

ठाणे जिल्ह्यात ही कोंडी फोडली ती मुख्यतः संघटनेने. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्यासह, वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारली. १९४८ च्या कुळकायद्याने जमिनीच्या प्रश्नाला हात घातला, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने त्याहून मूलगामी पाऊल उचलले : १८४३ च्या कायद्याने कर्जाला स्पर्श केला नव्हता, या कायद्याने वेठीचे कर्जच रद्द केले आणि मुक्त माणसाच्या पुनर्वसनाचे काम जिल्हा प्रशासनावर टाकले. तरीही अंमलबजावणी आपोआप झाली नाही. गणेशपुरीपासून जवळच असलेल्या वसई तालुक्यातील उसगाव येथून विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून वेठबिगारांची सोडवणूक हाती घेतली. लंडनच्या ज्या गुलामगिरीविरोधी संस्थेची परंपरा १८३९ पर्यंत मागे जाते, तिने १९९९ साली विवेक पंडित यांचा या कार्यासाठी गौरव केला. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी हे काम करावे लागले, यावरून माणसावरील मालकी रद्द करणे ही दास्यमुक्तीची केवळ पहिली पायरी असून जमीन, मजुरी आणि कर्ज यांचा निकाल लागल्याखेरीज ती पूर्ण होत नाही, हे स्पष्ट होते.