शाळा : एका शब्दाची कुळकथा

मराठी भाषेंत ‘शाळा’ हा शब्द इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, त्याला कांहीं पूर्वेतिहास असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. परंतु शब्दांनाहि कुळें असतात, आणि त्यांचा वृत्तांत कधीं कधीं राजांच्या वंशावळींपेक्षांहि अधिक बोलका असतो. धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत १९२१ सालीं एक विद्यालय निघालें, आणि तें ‘राष्ट्रीय शाळा’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्या मुलुखांत, त्या काळीं, हीं दोन पदें एकत्र उच्चारण्यांत केवढें धाडस होतें, हें समजावयाचें तर दोन्ही पदांचें मूळ पाहिलें पाहिजे.

‘शाळा’ हें संस्कृत ‘शाला’ शब्दाचें मराठी रूप होय. फलाचें फळ व्हावें, कालाचा काळ व्हावा, त्याच नियमानें येथें लकाराचा ळकार झाला आहे. मूळ शब्दाचा अर्थ घर, दालन, छपराखालची जागा एवढाच. विद्येशीं त्याचा जन्मजात संबंध मुळींच नाहीं. गाई बांधल्या तर ती गोशाला, घोडे बांधले तर अश्वशाला, चूल पेटली तर पाकशाला, आणि नाणीं पाडलीं तर टंकशाला. हीच पुढें टांकसाळ झाली. त्याचप्रमाणें जेथें पाठ चाले ती पाठशाला. मराठीनें यांत एक लक्षणीय फेरफार केला. प्रवाशाला, जनावराला, मल्लाला आश्रय देणाऱ्या जागेस धर्मशाळा, गोशाळा, व्यायामशाळा असें विशेषण लावल्यावांचून चालत नाहीं; परंतु मुलें शिकतात त्या जागेस विशेषण लागत नाहीं. ती नुसती ‘शाळा’. सर्व छपरांत विद्येचें छप्पर तेवढें बिनविशेषणाचें राहिलें, हा भाषेनें विद्येस दिलेला मानच म्हणावयाचा.

या मानाला एक काळी बाजूहि आहे. छप्पर होतें, पण त्याखालीं यावयास सर्वांना मुभा नव्हती. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांना लोकांचा छळ सोसावा लागला, तो या छपराची मालकी कोणाची, याच प्रश्नावरून. याच कुळांतला ‘शालीन’ हा शब्द या संदर्भांत पाहण्यासारखा आहे. पाणिनीनें तो ‘शाला’ शब्दावरून साधला असून, धीट नसलेला, संकोची, असा त्याचा अर्थ दिला आहे. जो दालनाच्या आडोशालाच राहूं पाहतो तो शालीन. आज मराठींत तो विनयाचा वाचक झाला आहे. शाळेनें माणसास विनय द्यावा कीं धीटपणा, हा वाद जणूं या एका शब्दांतच सांठवलेला आहे.

इतर भाषांनीं याच वस्तूकडे निरनिराळ्या दृष्टींनीं पाहिलें. अरबींत ‘दर्स’ म्हणजे धडा; जेथें धडा मिळतो तो ‘मदरसा’. ज्या धातूपासून ‘किताब’ आली त्याच धातूपासून ‘मकतब’ आला. तें लिहिण्याचें ठिकाण. इंग्रजी ‘स्कूल’चें मूळ ग्रीक असून तेथें त्याचा पहिला अर्थ ‘फुरसत’ असा होता; पोटाच्या धंद्यांतून सवड सांपडलेल्यांनींच चर्चा करावी, अशी ती समजूत. कोणी धडा पाहिला, कोणी लेखणी पाहिली, कोणी सवड पाहिली. मराठीनें डोक्यावरचा आसरा पाहिला.

धाराशिवच्या भूमींत हे शब्द केवळ कोशांत शेजारीं नव्हते. ते एकाच रस्त्यावर समोरासमोर उभे होते. हा जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानची राजभाषा उर्दू होती. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ सुरू झालें आणि उच्च शिक्षण उर्दूंतून देण्यांत येऊं लागलें. देशी भाषेंतून शास्त्रें शिकवितां येतात, हें त्या विद्यापीठानें सिद्ध केलें, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु जी देशी भाषा निवडली ती बहुसंख्य प्रजेच्या घरांतली नव्हती. मराठी, तेलुगु व कानडी बोलणाऱ्या मुलास वरच्या वर्गांत जावयाचें तर घरची भाषा उंबरठ्याबाहेर ठेवावी लागे. म्हणून १९०७ सालीं गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघालें, आणि त्याच ओढीनें पुढें हिप्परग्याची शाळा उभी राहिली.

आतां ‘राष्ट्रीय’ हें पद. संस्कृतांत ‘राष्ट्र’ म्हणजे राज्य, राजाच्या सत्तेखालचा प्रदेश. इ. स. १५० च्या सुमारास कोरलेल्या जुनागडच्या शिलालेखांत चंद्रगुप्त मौर्याचा ‘राष्ट्रिय’ पुष्यगुप्त याचा उल्लेख आहे. तो राजाचा प्रांताधिकारी. संस्कृत नाटकांत तर हा शब्द राजाच्या मेहुण्यास लावलेला आढळतो. म्हणजे जो शब्द राजाच्या हाताखालच्या किंवा सोयरिकीच्या माणसाचा होता, तो विसाव्या शतकांत लोकांचा झाला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वदेशी, बहिष्कार व स्वराज्य यांच्या जोडीला ‘राष्ट्रीय शिक्षण’ हें चौथें सूत्र आलें. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचें समर्थ विद्यालय याच सूत्रावर चाललें आणि १९१० सालीं सरकारनें तें बंद पाडलें. हें उदाहरण समोर असतां, जेथें राज्य एका व्यक्तीचें होतें अशा संस्थानांत हिप्परग्यानें तेंच विशेषण धारण केलें.

या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश भवानराव खेडगीकर यांनीं काम केलें. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला, आणि स्वामी रामानंद तीर्थ हें नांव सर्वतोमुखीं झालें. १९३५ सालीं ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत गेले, आणि १९३८ सालीं स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत शिक्षकाचा पेशा सोडून तुरुंगांत गेले. वर्गांत जी गोष्ट धड्याच्या रूपानें सांगितली, ती त्यांनीं रस्त्यावर उतरून करून दाखविली.

पुढें संस्थान गेलें. १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. मराठींतून शिकणें ही तेथें आतां बंडखोरी राहिली नाहीं, हा हिप्परग्यासारख्या शाळांचाच विजय होय. आतां पालकांच्या मनांत ओढ आहे ती इंग्रजी माध्यमाची, आणि घरची भाषा पुन्हां उंबरठ्यावर उभी आहे. या वेळीं कोणाच्या हुकुमानें नव्हे, तर आपखुशीनें. ‘शाला’ या शब्दाचा पहिला अर्थ आसरा हा होता. तो आसरा मुलाला मिळाला, आणि त्याची भाषा मात्र बाहेर उघड्यावर राहिली, तर अर्धीच शाळा उभारली असें होईल.