व्हर्जिनिया सिटीचे कामगार-सभागृह

जुन्या गावची स्मारके सहसा धनिकांची नावे सांगतात. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातले व्हर्जिनिया सिटी हे स्टोरी परगण्याचे लहानसे ठाणे मात्र आणखी काही सांगते. १८५९ साली तेथे चांदी सापडली आणि उजाड डोंगरावर शहर वसले. १८७५ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्म झाला. त्यानंतर नव्याने बांधलेली न्यायकचेरी व खाणकामगार संघाचे सभागृह, दोन्ही एकाच रस्त्यावर आजही उभी आहेत.

आम्ही संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. आमचे लक्ष साहजिकच सभागृहाकडे जाते. कुशल असो वा अकुशल, जमिनीखाली उतरेल त्या प्रत्येकाला रोज चार डॉलर मिळालेच पाहिजेत, असा आग्रह या संघाने १८६७ पासून धरला व तो बव्हंशी तडीस नेला. हे थोर कार्य होय. परंतु १८६९ साली याच कामगारांनी मोर्चाने जाऊन रेल्वेच्या कामावरील चिनी मजुरांना हुसकावून लावले. तेही घाम गाळणारेच होते!

तेव्हा श्रोतेहो, त्या सभागृहाला आम्ही जरूर वंदन करू. पण ‘प्रत्येक’ या शब्दात संघाने कोणाला धरले आणि कोणाला वगळले, हे विचारल्याखेरीज पुढे जाणार नाही.